कार ऑडिओतील बेस विरूपण

कार ऑडिओतील बेस विरूपण म्हणजे मोटारीतील ध्वनिप्रणालीतून वाजणारा मंद्र ध्वनी, म्हणजेच बेस, मूळ ध्वनिमुद्रणाप्रमाणे न उमटता फाटका, भरडा, घोगरा किंवा खडखडाटयुक्त ऐकू येणे होय. हा एकच एक बिघाड नसून अनेक वेगवेगळ्या दोषांचे समान लक्षण आहे. गाण्याची फाइल, हेड युनिट, ॲम्प्लिफायर, विद्युतपुरवठा, स्पीकर, स्पीकरची पेटी आणि मोटारीचा सांगाडा यांपैकी कोणत्याही टप्प्यावर तो उद्भवू शकतो. आवाज अखेर स्पीकरमधून येत असल्याने दोष बहुधा स्पीकरलाच दिला जातो. प्रत्यक्षात मात्र स्पीकरच्या आधीच्या एखाद्या टप्प्याकडून त्याच्या क्षमतेपेक्षा अधिक काम घेतले जाणे, हे या दोषाचे सर्वांत सामान्य कारण आहे. मूळ कारण न शोधता स्पीकर बदलल्यास नवा स्पीकरही त्याच कारणाने जळू शकतो. म्हणून दुरुस्तीपूर्वी दोषाचा टप्पा निश्चित करणे हा निदानाचा गाभा मानला जातो.

## संकल्पना

मानवी कानाला साधारणतः २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचे ध्वनी ऐकू येतात. त्यांपैकी सुमारे २० ते २५० हर्ट्झ या खालच्या पट्ट्यास बेस म्हणतात. ढोल, पखवाज, तबल्याचा डग्गा, बेस गिटार आणि इलेक्ट्रॉनिक संगीतातील ठेका यांचा पायाभूत नाद या पट्ट्यात येतो. यातील सर्वांत खालचा, सामान्यतः ८० ते १०० हर्ट्झखालील भाग वाजविण्यासाठी सबवूफर हा स्वतंत्र स्पीकर वापरतात.

मूळ संकेतात नसलेले घटक पुनरुत्पादित ध्वनीत मिसळणे म्हणजे विरूपण. उदाहरणार्थ, ४० हर्ट्झचा शुद्ध स्वर एखाद्या टप्प्यावर वरून व खालून सारखाच छाटला गेला, तर त्यात १२०, २०० आणि २८० हर्ट्झ असे विषम पटींचे नवे स्वर निर्माण होतात. हे नवे स्वर क्षीण असले तरी कानाला ठळकपणे जाणवतात, कारण खालच्या वारंवारतांसाठी कानाची संवेदनक्षमता कमी असते. हार्वे फ्लेचर व विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समप्रबलता वक्रांतून ही बाब प्रथम व्यवस्थितपणे मांडली गेली. आयएसओ २२६ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, १,००० हर्ट्झच्या ४० डेसिबेलच्या स्वराइतकाच मोठा वाटण्यासाठी ४० हर्ट्झच्या स्वराची पातळी ८० डेसिबेलहून अधिक असावी लागते. यामुळेच मोटारीत 'भरदार' बेस मिळविण्यासाठी खूप शक्ती खर्च होते आणि प्रणाली सर्वांत आधी बेसच्या पट्ट्यातच आपल्या मर्यादेला पोहोचते.

## पार्श्वभूमी

फिरत्या कॉइलचा आधुनिक स्पीकर चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडला. व्यावसायिकदृष्ट्या यशस्वी ठरलेला मोटारीतील रेडिओ अमेरिकेतील गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने १९३० मध्ये 'मोटोरोला' या नावाने बाजारात आणला. स्पीकर आणि पेटी यांचे गणित ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी विकसित केले. 'थील-स्मॉल प्राचल' या नावाने ओळखली जाणारी ही मूल्ये आजही सबवूफरच्या पेटीचे आकारमान ठरविण्यासाठी वापरली जातात.

ॲम्प्लिफायरच्या जाहिरातींतील फुगविलेल्या वॅट-आकड्यांवर उपाय म्हणून अमेरिकेत २००३ मध्ये सीईए-२००६ हे ऐच्छिक मानक आले. त्यानुसार शक्ती १४.४ व्होल्ट पुरवठ्यावर, ४ ओहम भारावर आणि १ टक्क्यापेक्षा अधिक विरूपण न होता मोजली जाते.

## ध्वनीची साखळी

मोटारीतील ध्वनी पुढील टप्प्यांतून जातो :

* स्रोत : मोबाइल, यूएसबी, रेडिओ किंवा सीडी
* हेड युनिट : डॅशबोर्डवरील नियंत्रक. त्यात स्वरनियमन, म्हणजे इक्वलायझर, आणि बहुधा एक छोटा ॲम्प्लिफायर असतो
* बाह्य ॲम्प्लिफायर, असल्यास
* तारा व जोड
* स्पीकर आणि त्याची पेटी अथवा दारातील पोकळी
* मोटारीची अंतर्गत जागा

साखळीच्या आरंभी झालेले विरूपण पुढील कोणताही टप्पा दूर करू शकत नाही, उलट तो ते मोठे करतो. म्हणून तपासणी स्रोतापासून स्पीकरच्या दिशेने करण्याचा प्रघात आहे.

## कारणे

### क्लिपिंग

ॲम्प्लिफायर आपल्या अंतर्गत विद्युतदाबाच्या पलीकडे जाऊ शकत नाही. त्याच्याकडून त्यापेक्षा मोठा संकेत मागितल्यास लहरीचे शिखर व तळ सपाट कापले जातात. यास क्लिपिंग म्हणतात. बेसच्या लहरी सर्वांत मोठ्या असल्याने त्या प्रथम कापल्या जातात.

हेड युनिटच्या खोक्यावर आढळणारा '५० वॅट × ४' हा आकडा या संदर्भात उद्‌बोधक आहे. १४.४ व्होल्टवर, आदर्श स्थितीत, ४ ओहमच्या स्पीकरला मिळणारी अविकृत शक्ती सुमारे २६ वॅट असते. अंतर्गत ऱ्हास वजा जाता ती प्रत्यक्षात साधारण १८ ते २२ वॅट भरते. लहर पूर्णपणे चौकोनी होईपर्यंत कापली, तरच हा आकडा ५२ वॅटच्या आसपास जातो. म्हणजे खोक्यावरील शक्ती ही व्यवहारात पूर्ण विरूपित अवस्थेतील शक्ती असते. केवळ हेड युनिटवर चालणाऱ्या दारातील स्पीकरांचा बेस ध्वनिपातळी वाढविताच फाटतो, त्याचे हे प्रमुख कारण आहे.

### गेन आणि बेस बूस्ट यांचा गैरवापर

ॲम्प्लिफायरवरील 'गेन' हे बटण ध्वनिपातळीचे बटण समजून पूर्ण फिरविले जाते. वस्तुतः ते हेड युनिटकडून येणाऱ्या संकेताच्या विद्युतदाबाशी ॲम्प्लिफायरचा मेळ घालण्यासाठी असते. गेन वाढविल्याने ॲम्प्लिफायरची कमाल शक्ती वाढत नाही, ती मर्यादा फक्त लवकर गाठली जाते.

बेस बूस्टचा परिणाम अधिक तीव्र असतो. ३ डेसिबेल वाढीसाठी दुप्पट, ६ डेसिबेलसाठी चौपट आणि १२ डेसिबेलसाठी सुमारे १६ पट शक्ती लागते. मोबाइलच्या ॲपमध्ये, हेड युनिटमध्ये आणि ॲम्प्लिफायरवर अशा तिन्ही ठिकाणी बेस वाढविलेला असल्यास ही वाढ एकमेकींवर चढते. मग ध्वनिपातळी मध्यम असतानाही क्लिपिंग सुरू होते.

### अपुरा विद्युतपुरवठा

इंजिन बंद असताना पूर्ण भारित लेड-आम्ल बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट, तर इंजिन चालू असताना सामान्यतः १३.८ ते १४.४ व्होल्ट असतो. ५०० वॅट देणाऱ्या आणि ८० टक्के कार्यक्षमता असलेल्या डी-वर्गाच्या ॲम्प्लिफायरला पूर्ण भारावर सुमारे ४५ अँपिअर प्रवाह लागतो. कमी कार्यक्षमतेच्या एबी-वर्गास तो याहून बराच अधिक लागतो. लहान मोटारींतील अल्टरनेटर साधारणतः ६० ते ९० अँपिअरचे असतात आणि दिवे, वातानुकूलन व इंजिनाची यंत्रणाही त्यावरच चालते.

नियंत्रित पुरवठा नसलेल्या ॲम्प्लिफायरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दाब १४.४ वरून ११.५ व्होल्टवर आल्यास ५०० वॅटचा ॲम्प्लिफायर सुमारे ३२० वॅटच देऊ शकतो आणि तितका लवकर क्लिप होतो. ठेक्याबरोबर पुढचे दिवे मंदावणे हे याचे परिचित लक्षण होय.

बारीक तारांमुळेही दाब कमी होतो. ५ मीटर लांबीच्या ८ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत ४५ अँपिअरला सुमारे अर्धा व्होल्ट खर्च होतो, तर २१ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे ०.१८ व्होल्ट. स्वस्त संचांत तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. तिचा रोध त्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या तारेपेक्षा सुमारे दीडपट किंवा अधिक असतो. सांगाड्याला जोडलेली अर्थची तार रंग न खरवडता बसविली असल्यास तिथेही दाब घटतो. कोकण व गोव्यासारख्या दमट, खाऱ्या हवेच्या प्रदेशांत असे जोड गंजण्याची शक्यता अधिक असते.

### पडद्याचे अतिविस्थापन

एकाच तीव्रतेचा ध्वनी निर्माण करण्यासाठी, वारंवारता निम्मी झाली की स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. ८० हर्ट्झला १ मिलिमीटर हलणारा पडदा तेवढ्याच तीव्रतेसाठी ४० हर्ट्झला ४ आणि २० हर्ट्झला १६ मिलिमीटर हलला पाहिजे. दारातील १६ सेंटिमीटरच्या सामान्य स्पीकरला हे शक्य नसते. कॉइल चुंबकीय फटीबाहेर जाऊ लागली की तिच्यावरील बल कमी होते व ध्वनी विरूपित होतो. ती मागच्या पट्टीवर आदळल्यास 'टक् टक्' असा कठीण आवाज येतो.

पोर्ट असलेल्या पेटीत हा धोका विशेष असतो. पोर्टच्या जुळणीच्या वारंवारतेखाली पेटीतील हवेचा पडद्याला मिळणारा आधार जवळजवळ नाहीसा होतो आणि थोड्या शक्तीतही पडदा बेलगाम हलतो. यासाठी ॲम्प्लिफायरवरील सबसॉनिक फिल्टर जुळणीच्या वारंवारतेच्या किंचित खाली लावला जातो. पोर्ट अरुंद असल्यास त्यातून वेगाने जाणाऱ्या हवेचा फुसफुसाट ऐकू येतो, तोही अनेकदा स्पीकरचा दोष समजला जातो.

### स्पीकरची भौतिक हानी

कडेची फोमची वा रबराची झालर फाटणे, झालर पडद्यापासून सुटणे, व्हॉइस कॉइल तापून तिचे वेटोळे सुटणे, कॉइल फटीत घासणे, तसेच पडद्याला जाणाऱ्या लवचीक तारा तुटणे किंवा पडद्यावर आपटणे, हे प्रमुख प्रकार आहेत. दारात शिरणाऱ्या पावसाच्या पाण्याने कागदी पडदे मऊ पडतात. असे दोष बहुधा कमी ध्वनिपातळीवरही ऐकू येतात. केवळ मोठ्या आवाजातच उद्भवणाऱ्या क्लिपिंगहून ते यामुळे वेगळे ओळखता येतात.

### चुकीची जोडणी

ॲम्प्लिफायरच्या किमान मर्यादेपेक्षा कमी ओहमचा भार जोडल्यास तो तापतो, विरूपण वाढते आणि संरक्षक यंत्रणा त्यास बंद करते. ४ ओहमच्या दोन कॉइल असलेला सबवूफर समांतर जोडल्यास २ ओहम व एकसर जोडल्यास ८ ओहम भार होतो. असे दोन सबवूफर पूर्णतः समांतर जोडल्यास भार १ ओहमवर येतो, तो अनेक ॲम्प्लिफायरना पेलत नाही.

एका स्पीकरचे धन व ऋण अग्र उलटे जोडले गेल्यास दोन्ही बाजूंचा बेस एकमेकांना अंशतः नष्ट करतो. यातून थेट विरूपण होत नाही, परंतु बेस पोकळ वाटल्याने बेस बूस्ट वाढविला जातो आणि त्यातून क्लिपिंग होते. एकाच सबवूफरच्या दोन कॉइलपैकी एक उलटी जोडल्यास ध्वनी जवळजवळ नाहीसा होतो, मात्र शक्ती उष्णतेत खर्च होऊन कॉइल जळू शकते.

### मोटारीच्या भागांचे कंपन

४० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ८.६ मीटर, म्हणजे बहुतेक मोटारींच्या लांबीपेक्षा जास्त असते. केबिनच्या सर्वांत मोठ्या अंतराच्या दुपटीहून तरंगलांबी अधिक झाली की बंद जागेतील हवेचा दाब एकत्रितपणे कमी-अधिक होऊ लागतो आणि खालचा बेस नैसर्गिकरीत्या वाढतो. यास केबिन गेन म्हणतात. सुमारे अडीच मीटर लांबीच्या केबिनमध्ये हा परिणाम ७० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. या दाबाने दारांचे पत्रे, नंबर प्लेट, डिकीचे झाकण, मागच्या काचेखालची फळी आणि दारातील प्लॅस्टिकच्या चिमट्या कंप पावतात. अशा वेळी ध्वनिप्रणाली निर्दोष असूनही खडखडाट ऐकू येतो.

### सदोष स्रोत

काही आधुनिक ध्वनिमुद्रणे प्रबलता वाढविण्याच्या प्रयत्नात मुद्रणाच्या वेळीच छाटलेली असतात. वारंवार संकोचित केलेल्या फाइली आणि मोबाइलमधील ध्वनिवर्धक ॲप यांमुळेही विरूपण येते. एकाच गाण्यात दोष आढळत असेल, तर तो मोटारीत नसून मुद्रणात असतो.

## लक्षणांवरून प्राथमिक निदान

| लक्षण | संभाव्य कारण |
|---|---|
| फक्त मोठ्या आवाजात बेस फाटतो, आवाज कमी करताच स्वच्छ होतो | क्लिपिंग, जादा गेन, बेस बूस्ट |
| कमी आवाजातही खरखर किंवा घासल्याचा आवाज | व्हॉइस कॉइल किंवा झालरीची हानी |
| ठेक्याबरोबर दिवे मंदावतात | विद्युतपुरवठा, तारा, अर्थ |
| इंजिन बंद असताना दोष वाढतो | बॅटरीचा कमी दाब |
| 'टक् टक्' असा कठीण आघात | अतिविस्थापन, सबसॉनिक फिल्टरचा अभाव |
| ठरावीक स्वरालाच खडखड, हाताने दाबल्यास थांबते | पत्रा, प्लॅस्टिक, नंबर प्लेट |
| बराच वेळ वाजल्यावर आवाज तुटतो व पुन्हा येतो | ॲम्प्लिफायर तापणे, कमी ओहमचा भार |
| बेस पोकळ, बॅलन्स एका बाजूला नेताच भरदार | उलटी जोडणी |
| जळक्या वॉर्निशचा वास | कॉइल अतितप्त, प्रणाली तत्काळ बंद करणे आवश्यक |

## निदानाची पद्धत

निदानात एका वेळी एकच गोष्ट बदलणे महत्त्वाचे असते. एकाच वेळी अनेक बदल केल्यास दोष गेला तरी त्याचे कारण कळत नाही. सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो :

१. सर्व कृत्रिम वाढ काढणे. मोबाइल, हेड युनिट व ॲम्प्लिफायर यांवरील इक्वलायझर, लाउडनेस आणि बेस बूस्ट शून्यावर आणले जातात. अनेक प्रकरणांत दोष याच पायरीवर नाहीसा होतो.

२. स्रोत बदलणे. तेच गाणे ब्लूटूथऐवजी यूएसबीवरून आणि नंतर दुसरे, परिचित मुद्रण वाजवून पाहिले जाते. परीक्षणासाठी डग्ग्याचे एकल वादन उपयुक्त ठरते. निर्दोष प्रणालीत डग्ग्याच्या घुमाऱ्यातील स्वराचा चढ-उतार स्पष्ट कळतो, विरूपित प्रणालीत त्याजागी एकसुरी 'भद्द' असा आवाज उरतो.

३. कंपन वेगळे काढणे. एक व्यक्ती आवाज चालू ठेवते आणि दुसरी दारे, डिकी, नंबर प्लेट व फळी हाताने दाबून पाहते. ३० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा परीक्षणस्वर वाजविल्यास कोणता भाग कोणत्या स्वराला कंपतो हे लवकर सापडते.

४. स्पीकर वेगळा काढणे. बॅलन्स व फेडर यांच्या साहाय्याने एका वेळी एकच स्पीकर ऐकला जातो.

५. दाब मोजणे. इंजिन चालू ठेवून, जोरदार बेस वाजत असताना मल्टिमीटरने ॲम्प्लिफायरच्या पुरवठा अग्रांवर दाब मोजला जातो. त्याच वेळी बॅटरीवर दाब स्थिर आणि ॲम्प्लिफायरवर बराच कमी असल्यास तार किंवा जोड सदोष असतो. दोन्हीकडे तो घटत असल्यास बॅटरी वा अल्टरनेटर अपुरा असतो.

६. अदलाबदल करणे. ॲम्प्लिफायर बंद करून त्याच्या प्रवेशाकडील डाव्या व उजव्या आरसीए तारा एकमेकांच्या जागी लावल्या जातात. दोष दुसऱ्या बाजूला सरकल्यास तो हेड युनिट किंवा आरसीए तारांत असतो. तो जागीच राहिल्यास आरसीए तारा पूर्ववत करून स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली जाते. आता दोष सरकल्यास तो ॲम्प्लिफायरचा, न सरकल्यास स्पीकर किंवा त्याच्या तारेचा असतो.

७. स्पीकरची तपासणी. तारा सोडवून मल्टिमीटरने रोध मोजला जातो. ४ ओहमच्या निरोगी कॉइलचा रोध साधारण ३.२ ते ३.८ ओहम भरतो. तो अनंत आल्यास कॉइल तुटलेली, फारच कमी आल्यास आतून जुळलेली असते. पडद्यावर बोटांनी सर्व बाजूंनी समान व हलका दाब दिल्यावर घासल्याचा आवाज आल्यास कॉइल वाकलेली किंवा केंद्रापासून सरकलेली असते. १.५ व्होल्टचा सेल क्षणभर जोडल्यावर पडदा बाहेर आला, तर सेलचे धन अग्र स्पीकरच्या धन अग्राला जोडलेले आहे असे निश्चित होते.

## गेन निश्चित करणे

गेन योग्य ठेवण्याची सोपी पद्धत ओहमच्या नियमावर आधारित आहे. ॲम्प्लिफायरची प्रमाणित आरएमएस शक्ती व स्पीकरचा ओहम-भार यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढल्यास अपेक्षित निर्गम दाब मिळतो. उदाहरणे :

* १०० वॅट, ४ ओहम : २० व्होल्ट
* ३०० वॅट, ४ ओहम : सुमारे ३४.६ व्होल्ट
* ५०० वॅट, २ ओहम : सुमारे ३१.६ व्होल्ट

स्पीकरची शक्तिक्षमता ॲम्प्लिफायरपेक्षा कमी असल्यास गणनेत स्पीकरचा आकडा घेतला जातो. स्पीकर सोडवून, बेस बूस्ट बंद ठेवून आणि हेड युनिट त्याच्या अविकृत मर्यादेपर्यंत, बहुधा कमाल पातळीच्या सुमारे तीन-चतुर्थांशावर ठेवून, ४० किंवा ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा परीक्षणस्वर वाजविला जातो. त्यानंतर मल्टिमीटर प्रत्यावर्ती दाबावर लावून अपेक्षित आकडा येईपर्यंत गेन हळूहळू वाढविला जातो.

या पद्धतीची मर्यादा अशी की मल्टिमीटरला लहरीचा आकार दिसत नाही. हेड युनिट आधीच क्लिप करीत असल्यास आकडा बरोबर येऊनही ध्वनी विरूपित राहतो. ऑसिलोस्कोपवर लहरीचे सपाट झालेले शिखर प्रत्यक्ष दिसते, म्हणून ती पद्धत अधिक विश्वसनीय मानली जाते.

## उपाय

निदानानुसार उपाय भिन्न असतात आणि त्यांपैकी अनेक विनाखर्चाचे असतात. दारातील लहान स्पीकरांना ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर लावून खालचा बेस सबवूफरकडे सोपविल्यास दोन्ही स्पीकरांवरील ताण कमी होतो. सबवूफर नसल्यासही हा फिल्टर ६० हर्ट्झच्या आसपास ठेवणे हितकारक असते.

विद्युतपुरवठ्यासाठी शुद्ध तांब्याची पुरेशी जाड तार, रंग खरवडून घट्ट केलेला अर्थ आणि सुस्थितीतील बॅटरी हे प्राथमिक उपाय होत. बाजारात मिळणाऱ्या १ फॅरडच्या धारित्राचा, म्हणजे कपॅसिटरचा, उपयोग मर्यादित असतो. दाब १४.४ वरून १२ व्होल्टवर येईपर्यंत त्यातून सुमारे ३२ ज्यूल ऊर्जा मिळते. ६०० वॅट घेणाऱ्या ॲम्प्लिफायरला ती एका सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागापुरतीच पुरते. अपुऱ्या अल्टरनेटरची उणीव त्यातून भरून निघत नाही.

दारांच्या पत्र्यांवर ब्यूटाइल रबराचे कंपनशोषक थर चिकटविल्याने खडखडाट कमी होतो. झालर फाटलेल्या चांगल्या स्पीकरची झालर बदलता येते, व्हॉइस कॉइल जळालेली असल्यास रिकोनिंग करावे लागते. लहान व स्वस्त स्पीकरच्या बाबतीत तो बदलणेच परवडते.

## गैरसमज

* कमी शक्तीचा ॲम्प्लिफायर स्पीकर जाळतो : कमी शक्तीने स्पीकर जळत नाही. लहान ॲम्प्लिफायर सतत क्लिप करीत वाजविल्यास मात्र त्याची सरासरी शक्ती वाढते. समान शिखराच्या चौकोनी लहरीत शुद्ध लहरीच्या दुप्पट शक्ती असते. या जादा उष्णतेने कॉइल जळते.
* क्लिपिंगमध्ये एकदिश प्रवाह निर्माण होतो : सममित क्लिपिंगमध्ये सरासरी दाब शून्यच राहतो. हानीचे कारण उष्णता हे आहे.
* स्पीकरवरील सर्वांत मोठा आकडा ही त्याची क्षमता : 'कमाल' वा 'पीक' आकडा क्षणिक असतो. तुलना नेहमी आरएमएस शक्तीची करावी लागते.
* तापल्यावर बेस कमी झाल्यास आवाज वाढवावा : तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २०० अंशांना तो खोलीच्या तापमानाच्या सुमारे १.७ पट होतो. बेस दबला म्हणून आवाज वाढविल्यास कॉइल आणखी तापते. अशा वेळी प्रणालीस विश्रांती देणे योग्य ठरते.

## सुरक्षितता

बॅटरीपासून ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या धन तारेवर बॅटरीपासून सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज असणे आवश्यक मानले जाते. फ्यूजचे मूल्य तारेच्या वहनक्षमतेपेक्षा अधिक नसावे. वारंवार जाणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा साधी तार लावणे हे मोटारीला आग लागण्याचे कारण ठरू शकते. पत्र्याच्या छिद्रातून जाणाऱ्या तारेस रबरी कडे बसविले जाते. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण अग्र प्रथम सोडवितात. एअरबॅगच्या तारांना हात लावणे टाळले जाते.

अमेरिकेतील एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबेल ध्वनीत ८ तासांहून अधिक काळ राहू नये आणि प्रत्येक ३ डेसिबेल वाढीस हा काळ निम्मा होतो. त्यानुसार १०० डेसिबेलसाठी तो अवघा १५ मिनिटे उरतो. विरूपणरहित ध्वनी कमी कर्कश वाटत असल्याने तो किती मोठा आहे याचा अंदाज चुकण्याचा संभव असतो. तसेच मोठ्या आवाजामुळे चालकास रुग्णवाहिकेचा भोंगा किंवा अन्य वाहनांचे हॉर्न ऐकू न येण्याचा धोका असतो. भारतात ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही परिवेशीय ध्वनीची मर्यादा आहे.

## हेही पाहा

* ध्वनिक्षेपक
* सबवूफर
* ॲम्प्लिफायर
* ओहमचा नियम
* ध्वनिप्रदूषण
* डेसिबेल